दसऱ्याच्या पानावरचे पांढरे कपडे

"मॅडम, या पुस्तकात आमचा सण कोणत्या पानावर आहे?"

विचारलं! "मेघा, तुझी हिंमतच होणार नाही," असं शाळेत मोनालीनं मला सगळ्यांसमोर म्हटलं होतं. आता तिच्याकडून तर्री पोहे वसूल.

प्रतापनगरातल्या चारुशीला मॅडमच्या हॉलमधल्या सगळ्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांच्यात माझी मम्मीही होती. बँकेत कर्जाच्या टेबलावर भल्याभल्यांना गप्प करणारी बाई, इथे मात्र पहिलीतल्या पोरीसारखी जीभ बाहेर काढून रंगवत बसते. मला तिच्या गाडीवर घरी जायचं असतं, म्हणून हा तमाशा रोज बघावा लागतो.

तमाशाच. मोठ्या बायकांसाठी सणांचं रंगवायचं पुस्तक! रेषा दुसऱ्याच्या, रंग मॅडमच्या पसंतीचे, आणि घरी जाऊन म्हणायचं, किती मोकळं वाटलं! नागपूरच्या उन्हात वाढलेल्या बाया ख्रिसमसचा बर्फ रंगवतात. एका काकूंनी सांताच्या टोपीवर मार्कर असा दाबला, की लाल रंग मागच्या पानावर उतरला आणि तिथल्या संक्रांतीच्या तिळगुळाला रक्त फुटलं. मॅडम म्हणाल्या, "वा, काय उठाव आलाय!"

"तुमचा सण म्हणजे गं?" आता मॅडमनी विचारलं.

"धम्मचक्र प्रवर्तन दिन."

"अगं, तो दसऱ्यालाच असतो ना? मग दसऱ्याच्या पानात आलाच की!"

जसं काही आम्ही रावणाच्या मागच्या रांगेत उभे होतो. बाया हसल्या. मॅडमनी मम्मीसमोरचं पान उचललं. ते नेमकं दसऱ्याचंच होतं.

"हे बघ, तुझ्या आईनं घेतलंय ते पान. पण प्रेमिलाताई, हे काय? सगळ्या माणसांचे कपडे रंगवायचे राहिले! पेन्सिलीनं हेच होतं, हात दुखतो आणि अर्धवट सुटतं. हे मार्कर न्या. केशरी, जांभळा, काहीही भरा. रविवारच्या प्रदर्शनात अर्धं पान कसं लावू मी?"

मी वाकून पाहिलं. आभाळ झालं होतं, झाडं झाली होती, फुगेवाल्याचा एकेक फुगा झाला होता. फक्त मैदानातली गर्दी पांढरी. पण कोरी नव्हती. प्रत्येक साडीच्या, प्रत्येक सदऱ्याच्या घडीत फिकट निळी पेन्सिल हलकेच फिरली होती. ही गर्दी मला ओळखीची होती. दरवर्षी मम्मीनं इस्त्री केलेला पांढरा ड्रेस घालून मी हिच्यातूनच दीक्षाभूमीवर जाते. दुसऱ्याच्या रेषांत मम्मीनं आपली माणसं आणून उभी केली होती, आणि मॅडम म्हणत होत्या, राहिलं!

मम्मीनं मार्कर पर्समध्ये टाकले. रविवारी आपलं चित्र बघायला तिनं अख्खी बँक बोलावली आहे.

घरी जेवणाच्या टेबलावर तिनं केशरी मार्करचं टोपण काढलं. सगळ्या खोलीत त्याचा उग्र वास.

"मम्मी, काहून भरून राहिली? ते पांढरेच आहेत ना?"

"आहेत. पण त्यांना दिसत नाही, त्याले मी काय करू? पान लागलं तर पाहिजे ना वं."

पप्पांनी पेपरमागून तोंड घातलं. "भरू दे ना तिले. रंगच तर आहे."

"रंगच तर आहे? मग यंदा तुम्ही जांभळा सदरा घालून चला दीक्षाभूमीवर!"

पेपर खाली आला. मम्मीचा हात पानावर तसाच अधांतरी, पण ओठ दाबून ती हसत होती. मी तिच्या हातातला मार्कर काढून घेतला आणि टोपण खटकन लावलं.

"ऐका दोघंही. हे पान असंच लागणार. रविवारी मी त्याच्या बाजूले उभी राहणार, आणि जी बाई म्हणेल रंगवायचं राहिलं, तिले ही गर्दी कोणाची ते सांगणार. मॅडमलेही. भिंत नाही दिली, तर हातात धरून उभी राहीन. ट्यूशन बुडेल. विचारत नाही, सांगून राहिली."