गोचिडांना मी पुरून उरले

मित्रांनो, मी प्राणिसंग्रहालयातली एक म्हातारी लांडगीण आहे. पण म्हातारी म्हटलेलं मला खपत नाही. माझा जन्म याच पिंजऱ्यात झाला. रान मी कधी पाहिलं नाही. तरी गुरगुरायला मला कुणी शिकवावं लागलं नाही.

आम्ही दोघं होतो, मी आणि माझा भाऊ. आम्ही कुंपणालगत धावू लागलो की पलीकडून मुलं आमच्याबरोबर धावायची. कौतुक फार व्हायचं. पुढे वाघ आला आणि सगळी गर्दी तिकडे वळली. आमच्याकडे गवत माजलं, भिंतींना भेगा पडल्या. कुंपणाबाहेरच्या सावलीत भटकी कुत्री निजायची. त्यांच्या अंगावरचे गोचीड आमच्याकडे वस्तीला आले. भेगांत त्यांनी अंडी घातली आणि आमचे कान, बोटांच्या बेचक्या भरून टाकल्या.

त्या उन्हाळ्यात भावाने अन्न सोडलं. त्याची लघवी काळपट लाल झाली, हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या. "ऊन बाधलंय," म्हणत प्राणिसंग्रहालयाच्या साहेबांनी हौद भरून ठेवायला सांगितलं. भाऊ त्या भरल्या हौदाशेजारीच गेला.

मग माझी पाळी आली. मागचे पाय उचलेनात. तेव्हा नव्यानेच आलेल्या डॉक्टरबाईंनी माझं रक्त काढून तपासलं.

"साहेब, हे ऊन नाही. गोचीड चावून हिच्या रक्तात सूक्ष्म जीव शिरलेत. तांबड्या पेशी फोडताहेत ते."

साहेब म्हणाले, "म्हातारी आहे हो ती. हाल कशाला करायचे? एक इंजेक्शन देऊन शांत झोपवून टाका."

बाई जाळीजवळ आल्या. अंगात होतं नव्हतं ते बळ एकवटून मी दात विचकले.

"तिची काही तयारी दिसत नाही," बाई म्हणाल्या आणि औषधाची सुई भरायला गेल्या.

ती सुई मांडीत आगीसारखी शिरली. मांसात लपवलेल्या गोळ्या मी हुडकून थुंकल्या; बाईंनी त्या पुन्हा लपवल्या. रखवालदाराने गवत कापलं, सिमेंटने भेगा बुजवल्या.

"बाई, हिच्यासाठी राबतोय आणि ही माझ्यावरच गुरगुरते."

"गुरगुरू दे. गप्प बसली तर मला लगेच बोलवा."

मी गप्प बसले नाही. हळूहळू हिरड्या गुलाबी झाल्या आणि एका सकाळी मी उठून कुंपणापर्यंत चालत गेले. आता जरा लंगडते. कुणी "बिचारी" म्हणालं की मी त्याच्याकडे पाठ फिरवते.

मित्रांनो, आपल्या कुत्र्याचे कान रोज तपासा. आणि माझी कीव करू नका. बिळात गोचीड झाले तर रानातला लांडगा बीळ सोडून जाऊ शकतो. माझं दार तुम्ही लावलंत, तेव्हा माझ्या भिंतीही तुम्हीच सांभाळायच्या. हे उपकार नव्हेत, तो माझा हक्क आहे. भावाला तो मिळाला नाही. मी मात्र घेतल्याशिवाय राहणार नाही.