धागा तोडणारा दात

मित्रांनो, मी एक जुना दात आहे. खालच्या रांगेत, अगदी पुढचा. जुना म्हटलं की लोकांना वाटतं, हा आज ना उद्या पडणार. मी पडलेलो नाही आणि पडायचा विचारही नाही.

माझी मालकीण शाळेत असताना मी वाकडा उगवलो. माझ्यावर तार चढली. बरीच ओढाताण सोसून मी सरळ झालो, तेव्हा घरादारानं कौतुक केलं. तार निघाल्यावर रात्री लावायला रिटेनर, म्हणजे दातांना जागेवर धरून ठेवणारी पट्टी, मिळाला होता. तो थोडे दिवस तोंडात राहिला, मग कपाटात गेला. मला धरून ठेवणारं कोणी उरलं नाही, म्हणून मी हळूहळू मूळ जागी सरकलो. लोक म्हणाले, दातच हट्टी. वा रे न्याय!

पुढे ती एका दुकानात शिवणकाम करू लागली. माझ्या तिरक्या कडेत दोरा असा अडके की एका झटक्यात तुटे. दुकानातल्या मुली तोंडात बोट घालत. त्यांना कात्री सापडेपर्यंत माझं काम झालेलं असे.

पण आम्हा दातांच्या दाटीत ब्रश पोचेना. हिरडी सुजली, रक्त येऊ लागलं. डॉक्टरांनी मलाच काढायचं सुचवलं, म्हणजे शेजाऱ्यांना जागा होईल.

मालकीण म्हणाली, "डॉक्टर, तो हलत नाही, दुखत नाही. मग शिक्षा त्यालाच का?"

दुसरा मार्ग लांबचा होता. पारदर्शक अलाइनर, म्हणजे दातांना हळूहळू सरकवणारे प्लास्टिकचे साचे, रात्रंदिवस घालायचे, फक्त खाताना काढायचे. तिनं तोच धरला. घरी थोरल्या जाऊबाईंनी नाक मुरडलं. आता या वयात कोणाला दाखवायचंय, म्हणाल्या.

"दाखवायला नाही, टिकवायला," मालकीण म्हणाली आणि मशीनवर बसली.

प्रत्येक नवा अलाइनर मला दाबून काढी. मी कुरकुरलो, पण सरकलो. एकदा जेवताना तिनं तो कागदात गुंडाळून ठेवला आणि कागद कचऱ्यात गेला. तिनं दुकानात सगळ्यांसमोर डबा उपडा केला, चिंध्यांतून तो शोधला, घासून धुतला. मुली फिदीफिदी हसल्या. हिच्या कपाळावर आठीसुद्धा नाही.

आता मी सरळ आहे. परवा घाईत, सवयीनं, तिनं दोरा माझ्यापाशी आणला, थांबली आणि कात्री घेतली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण निजताना तिनं नवा रिटेनर न विसरता लावला.

तेव्हा मित्रांनो, दात सरळ केलेत, उपकार झाले. पण पुढे त्यांना धरून ठेवायचं काम तुमचं. ते सोडलंत तर आम्ही आमच्या वाटेनं जाऊ, आणि मग आम्हाला वाकडं म्हणायचं नाही.