बाहेर ठेवलेला धागा

लोकांच्या गळ्यात चष्मा लटकतो, माझ्या गळ्यात कात्री. बोटाएवढी, धागे कापायची. चाळीस वर्षं शिवणकाम केलंय, त्यामुळे कुणाच्या बाहीला सुटा धागा दिसला की माझा हात आपोआप जातो. लग्नात, बँकेत, कुठेही. एकदा डॉक्टर माझी नाडी बघत होते आणि मी त्यांच्या शर्टाच्या कफाचा धागा कापून मोकळी झाले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं मुलगा म्हणतो, आणि ते खरंच आहे.

बेटांची सहल मुलानेच ठरवली. सकाळी बोट, आधी लेसचं बेट, मग काचेचं, आणि परतताना पुन्हा लेसच्या बेटावर वीस मिनिटं थांबा. तो स्वतः येणार नव्हता. सासू-सुनेने एक दिवस एकत्र घालवावा, असं त्याच्या मनात होतं. आमच्या शिवणाच्या दुकानात आम्ही रोज दहा तास एकमेकींचं तोंड बघतो, हे त्याला कोण सांगणार.

सुनेला घरात सगळे धांदरट म्हणतात. लाडाने, पण म्हणतात. दोन वर्षांपूर्वी दुकानात इस्त्रीने एका गिऱ्हाइकाचा राखाडी कोट जळला, तेव्हापासूनचं हे नाव. तेव्हापासून ती फक्त काज, बटणं आणि हुक करते. इस्त्री आणि मोठी कात्री माझ्याकडे. आणि तेव्हापासूनच तिला एक सवय लागली आहे. घराचं कुलूप तीनदा ओढून बघते. गॅस बंद केला का, म्हणून अर्ध्या जिन्यातून परत फिरते. बोटीवर तिने पर्समधली परतीची तिकिटं चार वेळा काढून पाहिली.

"अगं, तिकिटांना पाय फुटलेत का?" मी म्हटलं.

ती हसली, पर्सची चेन लावली आणि पुन्हा उघडली.

लेसवालीचं घर धक्क्यापासून वर, वीस-पंचवीस पायऱ्यांवर होतं. खाली विक्रीची खोली, वर कामाची. आमची धांदरट खालीच रुमाल बघत थांबली, मी गुडघे धरत वर गेले. वर खिडकीपाशी एक म्हातारी आणि तिची सून बसल्या होत्या. दोघींच्या मध्ये कडक उशी, तिच्यावर शेकडो टाचण्या, आणि टाचण्यांभोवती पांढऱ्या धाग्याची फुलं. प्रत्येक धाग्याच्या टोकाला एक लाकडी कांडी. सून दोन्ही हातांनी त्या कांड्या अशा उलटसुलट टाकत होती की मला माझ्या चाळीस वर्षांची लाज वाटली.

"माझी नजर अधू झाली आता," म्हातारी म्हणाली. "हा हिचा पहिला मोठा तुकडा. एकटीने केलेला. चार महिने झाले. आठ वर्षं नुसत्या कांड्यांवर धागा भरायला लावला मी तिला."

सून लाजली. माझे गुडघे दुखताहेत हे तिच्या लक्षात आलं, आणि माझ्यासाठी खुर्ची आणायला ती बाहेर गेली. म्हातारी जुने नमुने दाखवायला कपाटाकडे वळली. मी उशीवर वाकले. अप्रतिम काम. आणि फुलाच्या कडेला, सगळ्या कांड्यांपासून लांब, एक धागा नुसता बाहेर लोंबत होता.

कापल्यावर मला कळलं. आधी नाही, खरंच सांगते. टोक आत सरकलं, कडेची पाकळी सैल पडली, आणि माझ्या चिमटीत तो वीतभर तुकडा राहिला. मी तो मुठीत धरला आणि मूठ खिशात घातली. तोवर खुर्ची आली होती. मी बसले, वर "थँक्यू गं बाई" असंही म्हणाले.

म्हातारीने उशीवरून बोटं फिरवली आणि ती थांबली. "बाहेर ठेवलेला धागा कुठे गेला?"

सुनेने पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला. हा धागा मुद्दाम बाहेर ठेवतात, शेवटी सगळी कड त्याच्यावर बांधतात, हे मला मग कळलं. तो गेला की जिथून सुरू झाला तिथपर्यंत उसवायचं. एका महिन्याचं काम.

"मी नाही तोडला," सून म्हणाली.

"मग कुणी? उंदराने?"

सून उशीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "टाचणी काढताना ओढला गेला असेल."

"उद्यापासून उशीला हात लावायचा नाही. कांड्या भर."

मी समोर बसले होते, तिने आणलेल्या खुर्चीवर. एक वाक्य बोलायचं होतं. मी बोलले नाही. खाली आले आणि भाव न करता सगळ्यांत महाग टेबलक्लॉथ घेतला.

काचेच्या बेटावर मला काही दिसलं नाही. माणूस भट्टीतून लाल गोळा काढत होता, फुंकत होता, लोक वाहवा करत होते. "कशाला हात लावू नका," असं तो सगळ्यांना म्हणाला आणि मी दचकले. चोराच्या मनात चांदणं. मी मनाशी हिशेब लावत होते: मुद्दाम केलं नाही, त्यांनी पाटी लावायला हवी होती, म्हातारीचा राग दोन दिवसांत उतरेल. सगळं पटण्यासारखं होतं. पटत नव्हतं ते एकच. त्या मुलीने न केलेलं कबूल केलं होतं. "असेल" म्हणाली होती. तसाच एक शब्द मी आधी कुठे ऐकला होता ते मला माहीत होतं, म्हणून मी तिकडे मन जाऊच देत नव्हते.

"आई, बरं नाही का?" सुनेने विचारलं. डबा उघडून तिने माझ्यासमोर धरला होता. मी एकही घास खाल्ला नव्हता.

परतताना बोट लेसच्या बेटाला लागली. वीस मिनिटं. लोक चहा प्यायला उतरले. मी बाकावर बसून राहिले, पाच मिनिटं गेली. खिशात तो धागा बोटाभोवती गुंडाळून गुंडाळून बोट काळंनिळं झालं होतं.

"चल," मी सुनेला म्हटलं. "वर जायचंय."

"बोट चुकेल, आई."

"चुकू दे."

तिने मला धरून पायऱ्या चढवल्या. वर म्हातारी भिंग लावून उसवत होती. तिची सून कोपऱ्यात पाठ करून कांड्या भरत होती. मी धागा टेबलावर ठेवला.

"हा तुमचा. मी कापला. सवयीने. तिची काही चूक नाही."

माझ्या सुनेने माझा दंड सोडला.

म्हातारीने धागा उचलला नाही. "माहीत आहे," ती म्हणाली. "ओढून तुटला असता तर टोक बोटाला पिंजलेलं लागलं असतं. हे कात्रीचं आहे. आणि कात्री तुमच्या गळ्यात."

"मग तिला का बोललात?"

"गिऱ्हाइकाला काय बोलणार? म्हटलं, हिला बोलले तर तुम्हाला लागेल."

लेकी बोले सुने लागे, हे आपण ऐकलेलं. इथे सुनेला बोलून परकीला लावायचं होतं. मला लागलं, पण चार तास उशिरा. कोपऱ्यातली मुलगी वळली. माझ्याकडे तिने बघितलंच नाही, सासूकडे बघितलं. म्हातारीने उशी तिच्याकडे सरकवली, "ये, बस," म्हणाली. मुलीने हातातली कांडी पूर्ण भरली, गाठ मारली, आणि मग उठली.

खाली बोटीचा भोंगा झाला. आम्ही शेवटच्या चढलो.

पाणी कापत बोट निघाली. सून शेजारी बसली होती. आता मन तिकडे जाऊ न देणं जमेना.

"कोटाचं सांगायचंय," मी म्हटलं. "तू सकाळी इस्त्री बंद केली होतीस. मी दुपारी पुन्हा लावली. फोन आला, मी इस्त्री कोटावरच ठेवून आत गेले. वास आला तेव्हा धावले, आणि तू दारातून येत होतीस. मी विचारलं, इस्त्री बंद केली होतीस का? तू म्हणालीस, 'हो... बहुतेक.' ते 'बहुतेक' मी धरलं. गिऱ्हाइकासमोर, घरी, सगळीकडे. मला माझी लाज वाटते गं."

तिने पर्स मांडीवर ओढून घेतली. मला वाटलं चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे मी बंद केली होती?"

"केली होतीस."

"नक्की?"

"नक्की."

"मला आठवत होतं, आई. बटण दाबलेलं आठवत होतं. मग मला वाटायला लागलं, मला जे आठवतं ते खरं नसतंच."

मी तिचा हात धरायला गेले. तो पर्सवर होता, तिथेच राहिला.

"ह्यांना सांगाल?" तिने विचारलं.

"सांगेन. दुकानात इस्त्रीही उद्यापासून तू घे."

"आधी सांगा," ती म्हणाली.

धक्क्यावर मुलगा गाडी घेऊन उभा होता. लांबूनच हात हलवला. "काय धांदरट, आईला कुठे विसरली नाहीस ना?"

रोजचंच वाक्य होतं. आजूबाजूचे दोघे-तिघे हसले.

"तिला तसं म्हणू नकोस," मी म्हटलं. "तो कोट मी जाळला होता. तिने नाही. दोन वर्षं मी खोटं बोलले."

तो हसला. त्याला वाटलं, दिवसभरात सासू-सुनेचं जमलंय आणि आई सुनेची बाजू घेतेय. "बरं, बरं," म्हणाला आणि माझ्या हातातली पिशवी घ्यायला लागला. मी पिशवी सोडली नाही. तिथेच उभी राहून मी पुन्हा सगळं सांगितलं, इस्त्री, फोन, वास, "बहुतेक", एकेक करून. हळूहळू त्याचं हसू गेलं. तो तिच्याकडे वळला.

ती आमच्याकडे बघत नव्हती. पर्स उघडून तिकिटं काढून बघत होती. बोटीतून उतरलो होतो, आता त्यांचा काही उपयोग नव्हता. तिने ती नीट घडी करून आत ठेवली, चेन लावली, आणि पुन्हा उघडली.