धुरपताबाईच्या कपाळावरचा पट्टा

मी डोक्याचा पट्टा बोलतोय. घाम टिपायचा नव्हे, डोक्यातल्या लहरी मोजायचा. तसं माझ्या खोक्यावर छापलं होतं, आणि माझं शिक्षण त्या खोक्याएवढंच. कपाळाला टेकणारे दोन पत्रे, कानाला एक चिमटा, आत बोटाएवढी बॅटरी. एवढ्या सामानावर मला माणसाच्या मनातलं कितीसं कळणार?

पण लातूरच्या एका क्लासवाल्याला ते पटलं. त्यानं माझ्यासारखे वीस पट्टे आणून पोरांच्या डोक्याला बांधले. कुणाचं किती लक्ष आहे, ते फोनवर आकड्यात दिसायचं. चपचपीत तेल लावलेल्या पोराच्या कपाळावर मला काही कळायचंच नाही, आणि ढ ठरायचं ते पोरगं. मग पोरांना गोम सापडली, की दात आवळले की आकडा चढतो. सगळा वर्ग दात आवळून बसायला लागला. सर खूश. हौस फिटल्यावर आम्ही परत खोक्यात.

तिथून मला लुंबिनीनं कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मागून नेलं. क्लासची जुनी विद्यार्थिनी, आता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. गाव किल्लारी. तिची आजी धुरपताबाई लकव्यानं खाटेवर. दोन्ही हात लुळे, वाचा गेलेली. चावून जेवायची आणि तिला कळायचं मात्र सगळं. डोळे एकदा मिटले की हो, दोनदा मिटले की नाही. पण ते बघायला समोर माणूस पाहिजे ना. लुंबिनीची आई मनिषा मागच्या अंगणात गेली, की म्हातारीनं बोलवायचं कसं? भूकंपात मातीखालून हाका मारमारून वाचलेली ही बाई. आता तिच्याकडं हाकच उरली नव्हती.

लुंबिनीनं मला आजीच्या कपाळाला बांधलं. म्हणाली, पाणी पाहिजे असलं की मनात जोर लाव. म्हातारीनं लावला जोर, आणि फोनची घंटा वाजली. गल्ली जमा झाली. शेजारची उमाबाई म्हणाली, "सुनंबद्दल काय वाटतंय तेबी इचारा की मशीनला." सगळे हसले. घंटा पुन्हा वाजली, तेव्हा मनिषा सोडून सगळे हसले.

खरं काय ते मला माहीत होतं. मनात जोर लावताना म्हातारी दात आवळत होती, बस. पण मला विचारतो कोण?

माझी खरी चूक पुढंच आहे. आधी मनिषा बाहेर जाताना उमाबाईला बसवून जायची. मी आलो आणि तिनं उमाबाईला बोलवणं सोडलं. फोन कमरेला खोचला की झालं.

दोन महिने निभावलं. मला बनवणारी कंपनी कुठं लांब होती. फोनमधलं ॲप रोज सकाळी तिच्या कॉम्प्युटरला विचारायचं आणि मगच चालायचं. एके दिवशी कंपनीनंच गाशा गुंडाळला. ना सांगणं, ना सवरणं. मनिषा भिंतीपलीकडच्या पिठाच्या गिरणीवर गेलेली, फोन कमरेलाच. इकडं म्हातारी खाटेच्या कडेला घसरत होती. तिनं दात आवळले, पुन्हा आवळले. तिचा एकेक जोर माझ्यापर्यंत पोचत होता. मी फोनकडं धाडत होतो. फोन नुसता गोल फिरवत बसला. म्हातारी पडली.

हाड मोडलं नाही, नशीब. कपाळाला खोक पडली, नेमकी माझ्या पत्र्याची. मनिषानं मला उपटून कोपऱ्यात फेकलं. बरोबर केलं.

लुंबिनीनं कंपनीला किती पत्रं धाडली, उत्तर नाही. प्रोजेक्टची परीक्षा तीन आठवड्यांवर. शेवटी ती मला घेऊन निलंग्याला मडिवाळप्पांकडं गेली. त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं जुनं दुकान. त्यांनी माझं पोट उघडलं, बघितलं, बंद केलं.

"ह्यात दुरुस्त करायसारखं काई न्हाई. ह्याचा मालक गेला, हे बी गेलं." मग म्हणाले, "म्हातारी जोर कसा लावती, करून दाव."

लुंबिनीनं करून दाखवलं.

"आता कानशिलावर बोट ठेव. काय उडतंय?"

तिनं बोट ठेवलं, पुन्हा दात आवळले. बोटाखालचा स्नायू टुणकन उडाला. "काका, म्हंजे मेंदूचं काहीच नव्हतं?"

"मेंदूला कशाला तरास देतीस पोरी? जिथं जोर हाय तिथं बटण लाव."

जुन्या माऊसमधलं क्लिकचं बटण निघालं. दारावरची बॅटरीची बेल आली. मधे वायर. ना फोन, ना ॲप. बिघडली तर निलंग्यात दुरुस्त होईल अशी वस्तू. माझे पत्रे आणि चिमटा मडिवाळप्पांनी कापून टाकले. बटण मात्र कानशिलावर घट्ट बसायला पट्टा पाहिजे होता, तेवढा माझा ठेवला. कॉलेजात प्रोजेक्ट बघणाऱ्या दामिनी मॅडम म्हणाल्या, अहवालात आधीची चूकही लिही, लपवू नको. लुंबिनीनं म्हातारीच्या पडण्यासकट सगळं लिहिलं. पास झाली.

नवी बेल बांधली त्याच दिवशी दुपारी वाजली. मनिषा पिठाचे हात घेऊन धावत आली. पाणी पाहिजे? डोळे दोनदा मिटले. कुशीवर करू? दोनदा.

"मग काय आत्याबाई, उगंच बोलावलं?"

डोळे एकदा मिटले. मनिषा खाली बसली आणि पिठाचे हात तसेच धरून हसत राहिली.

तर मी आता नुसता पट्टा आहे, आणि तेच बरं आहे. मी स्वस्त, म्हणून मला खुशाल आणा, खेळा, शिका. पण माझ्या भरवशावर खाटेवरचं माणूस ठेवायच्या आधी विचारा, मला चालवणारा उद्या असेल का. आणि बेल असली तरी मनिषा बाहेर जाताना आता उमाबाईला सांगूनच जाते. उमाबाई येते, खाटेशी बसते, बडबड करते. फार झाली की म्हातारी बेल वाजवते.