चष्म्यातली आग

प्रयोगशाळेच्या काचेबाहेर ताईचा पाय एका जागी ठरत नव्हता. आत तिची धाकटी बहीण पहिल्यांदाच खरं ॲसिड हाताळत होती, आणि तिला सुरक्षेचे धडे दिले होते ते ताईनंच.

धडे म्हणजे काय, तर ऑगमेंटेड रिॲलिटीचा चष्मा. तो चढवला, की समोरच्या खऱ्याखुऱ्या टेबलावर खोटी आग भडकायची, खोटं ॲसिड सांडायचं. कुणाला साधा चटका बसायचा नाही, त्यामुळे साहेब खुशीत. धाकटी तर सगळ्यांत तरबेज निघाली. फक्त ज्वाळा अंगावर आली, की किंचाळून चष्मा कपाळावर सरकवायची. आग गायब! मग खिदळत सुटायची, आणि तिच्याबरोबर ताईसुद्धा. घरची लाडोबा ती, तिच्यावर डोळे कोण वटारणार?

काल संध्याकाळी मात्र घरी कढईतलं तेल उडालं, आणि धाकटीचा हात गॅस बंद करायच्या आधी डोळ्यांकडे गेला. तिथे चष्मा नव्हताच. गॅस ताईनं बंद केला; हिला खऱ्या ॲसिडजवळ जाऊ देऊ नये, असं तिला वाटलं. पण आजच्या कामावर धाकटीची कायमची नोकरी ठरणार होती. ऐन वेळी मोडता घालायला ताईची जीभ रेटेना.

सकाळपासून तिनं तीनदा दाराच्या मुठीला हात लावला आणि तीनदा काढला. शेवटी राहवेना. नोकरी गेली खड्ड्यात, असं पुटपुटत तिनं सुरक्षा चष्मा लावला आणि दार ढकललं.

तेवढ्यात टेबलावरच्या नळीतलं मिश्रण फसफसून वर आलं. धाकटी किंचाळली आणि तिनं डोळ्यांवरचा सुरक्षा चष्मा कपाळावर सरकवला.

"नको!" ताई ओरडली. तोवर थेंब उडाले होते.

पुढचं तिनं विचार न करता केलं. बहिणीला फरफटत डोळे धुवायच्या नळाशी नेलं, मान दाबून वाकवलं, बोटांनी पापण्या ताणून धरल्या.

"मिटू नकोस, बाई माझी, मिटू नकोस!"

पाणी दोघींच्या अंगभर झालं. ताई हमसून रडत होती.

"मी दिसतेय का गं तुला?"

"पुसट दिसतेयस."

धाकटी रडत नव्हती. काहीतरी समजत नसल्यासारखी ती नळाखालूनच म्हणाली, "ताई, मी लगेच काढला होता गं चष्मा. तरी ते गेलंच नाही."