मालकाच्या जागी उस्तादांचं नाव

माझ्या सासऱ्यांना बंगाली अक्षरांचं वेड होतं. वेड्याशी संसार केला, असं सासूबाई जाईपर्यंत म्हणत राहिल्या. बाबा छापखान्यात कंपोझिटर होते, शिशाचे अक्षरांचे खिळे जुळवणारे. त्या खिळ्यांचे साचे कोरणारे त्यांचे उस्ताद वारले, पुढे छापखाना बंद पडला आणि खिळे भंगारात गेले. मग बाबांनी घरी, खिडकीपाशी बसून, जुन्या कॉम्प्युटरवर एकेक अक्षर नव्याने काढलं, सगळी जोडाक्षरं धरून. त्यात कित्येक वर्षं गेली. मला बंगाली वाचता येत नाही, पण ती अक्षरं देखणी आहेत एवढं मलाही कळायचं.

कोपऱ्यावरच्या शाळेत बंगाली शिकवतात. तिथे सगळं काम फुकटच्या ऑफिस सॉफ्टवेअरवर चालतं. त्यातल्या फॉन्टमध्ये जोडाक्षरं फुटायची, मात्रा भलतीकडे जाऊन बसायच्या, आणि पोरं तसंच गिरवायची. बाबांनी आपला फॉन्ट शाळेला देऊन टाकला. मग त्यांची एकच इच्छा उरली. फॉन्ट त्या सॉफ्टवेअरमध्येच यावा, म्हणजे कुठल्याच शाळेला तो मागायला लागू नये.

ते सॉफ्टवेअर सांभाळणारे लोक बिनपगारी, जगभर विखुरलेले. त्यांचा सगळा पत्रव्यवहार उघड्यावर, कुणीही वाचावा असा. त्यांना फॉन्ट आवडला, पण एक शंका होती. फाइलमध्ये मालक म्हणून उस्तादांचं नाव होतं.

"असं का टाकलंत?" मी विचारलं.

"मग काय माझं टाकू? वळण त्यांचं. मी नुसता गिरवणारा."

छापखान्यात तशी रीतच होती. हात शिष्याचा असला तरी कामावर नाव उस्तादांचं. पण फुकट वाटायचा परवाना मालकाने द्यायचा असतो, आणि मालक वर गेलेले. त्या लोकांनी समजूतदारपणे मार्ग सुचवला. रेषा मीच काढल्या, नाव चुकून पडलं, एवढं लिहून द्या.

नवऱ्याने सांगून पाहिलं, मी सांगून पाहिलं. म्हातारा हटायला तयार नाही. इंग्रजी मेल मीच लिहायचे. त्यांनी मला सांगितलं, "लिही. नाव चुकून पडलेलं नाही. ही अक्षरं उस्तादांचीच आहेत."

"बाबा, हे हात दाखवून अवलक्षण आहे."

"सूनबाई, तू लिही."

मी लिहिलं, आणि काम अडलं ते अडलंच.

मग एक दिवस शाळेच्या बाई दुसऱ्या एका शाळेचं वाचनपुस्तक घेऊन आल्या. पानापानावर फुटकी जोडाक्षरं. बाबा दुपारभर भिंग लावून ते बघत बसले. चहा तसाच गार झाला.

"पोरं मोडकी अक्षरं शिकताहेत आणि मी माझा मान सांभाळतोय," ते म्हणाले. "लिही. नाव चुकून पडलं म्हणून लिही."

ते वाक्य माझ्याकडून लिहवून घेताना ते माझ्याकडे बघत नव्हते. त्या दिवशी जेवलेही नाहीत.

उत्तर आलं ते एका फॉन्ट कंपनीच्या वकिलाचं. उस्तादांच्या मुलीने तो उघडा पत्रव्यवहार वाचून वडिलांचे हक्क कंपनीला विकले होते. पुरावा म्हणून वकिलाने बाबांचंच पहिलं वाक्य जोडलं होतं, मी लिहिलेलं. फॉन्ट आता कंपनीचा. तो सगळीकडून काढा, शाळेतूनही आणि स्वतःच्या कॉम्प्युटरवरूनही. आम्ही आमच्या वकिलाकडे गेलो, तर तो म्हणाला, लेखी कबुलीपुढे मी काय करणार?

मला त्या मुलीचा भयंकर संताप आला. बाबांना आला नाही. "तिच्या वडिलांचंच आहे. मीच तर म्हणालो," एवढंच बोलले. मला तर त्यांचाही संताप आला.

शाळेतल्या प्रत्येक कॉम्प्युटरवरून फॉन्ट त्यांनी स्वतः काढला. बाई दारात उभ्या होत्या. घरी येऊन बाबांनी खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवरूनही काढला. मग मुख्याध्यापकांना बंगालीत माफीचं पत्र लिहिलं, सॉफ्टवेअरमधल्या जुन्याच फॉन्टमध्ये. मी ते छापून त्यांच्यापुढे ठेवलं. एक जोडाक्षर फुटलं होतं, ते मलाही दिसलं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि काढून घेतलं.

पेन उघडून ते थांबले. त्यांच्या सहीचं वळण मला ठाऊक होतं. इतकी वर्षं खिडकीपाशी, कॉम्प्युटरवर, तेच उस्तादांचं वळण बघत आले होते.

"सूनबाई," ते हळूच म्हणाले, "सही हाताने केली तर चालेल ना गं?"