जोडी

हुडकेश्वरच्या पुढे हायवेचं काम चाललं होतं. मुरूम पडला होता, गिट्टीचे ढीग लागले होते, डांबराचा धूर सकाळपासूनच डोळ्यांत जात होता. खोपीसमोर गोपिका भाकरी थापत होती. तिची मयुरा, नुकतंच चौदावं लागलेली, शाळेसाठी वेण्या घालत होती.

रस्त्याला आता यंत्रं पुष्कळ आली. पण नाल्या-मोऱ्यांचं काम अजून माणसाच्याच हातचं. तिथे माणसं मोजत नाहीत, जोड्या मोजतात. नवऱ्याने घमेलं भरायचं, बायकोने डोक्यावर वाहायचं. एकटा गडी मुकादमाच्या लेखी अर्धाच. मग जोडी पुरी करायला लग्न लावून द्यायचं, एवढी सोपी युक्ती आपल्या शहाण्या समाजाने काढून ठेवली आहे.

मुकादम आनंदराव हसतच आला. त्याच्या काखेत हिरवी साडी होती.

"रुपराव, सौरवची जोडी मोडली ना गा," तो गोपिकेच्या नवऱ्याला म्हणाला. "पोट्टा एकटा पडला. तुही मयुरा हाये. सोमवारी हळद लावून देऊ."

जोडी मोडली म्हणे! सौरवची बायको सोळा वर्षांची होती. आठव्या महिन्यात गिट्टीचं घमेलं घेऊन ती मोरीत पडली, ती उठलीच नाही. त्याला पंधरा दिवसही झाले नव्हते.

"पोरगी शाळेत जाऊन राहिली, साहेब," रुपराव पुटपुटला.

"काहून? शाळा शिकून गिट्टीच वाहायची हाये ना? आन् नाही म्हणशील तर तुही जोडीबी आजच काढतो. सौरवले पोरगी तर मी पाहूनच देईन."

रुपरावने मान खाली घातली. गोपिकेला ती खाली गेलेली मान ओळखीची होती. ती तेराची असताना तिच्या बापानेही अशीच घातली होती.

"काढा आमची जोडी," ती उठून म्हणाली. "पोरगी मी देत नाही."

आनंदरावचं हसू गेलं. साडी काखेत घट्ट दाबून तो निघून गेला.

तासाभरात बोचकी बांधून तिघं रस्त्याच्या कडेला उभी राहिली. कामठीला गोपिकेचा भाऊ होता. ऑटो थांबला तेवढ्यात मयुरा म्हणाली, "माय, मुकादम रंभाकाकूच्या खोपीत गेला. ते साडीबी घेऊन गेला."

शेजारच्या रंभाबाईची पोर बारा वर्षांची होती. सहावीत.

"चाल वं, बस," रुपराव घाईने म्हणाला. "आपली सुटली ना."

"आपली सुटली म्हणूनच तिची धरली ना जी!" गोपिका म्हणाली, आणि बोचकं तिथेच टाकून रंभाबाईच्या खोपीकडे धावत सुटली.